फायटरच्या टँकमध्ये कोण चालेल, काय लावावं

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये फायटर मासा मिळतो तो चहाच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत. घरी आणून तो मोठ्या टँकमध्ये सोडला की दोन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "एकटाच आहे बिचारा, जोडीला दोन-चार मासे आणूया." गडबड इथून सुरू होते. फायटरला, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्सला, एकटेपणाचा त्रास होत नाही. थायलंडच्या भातखाचरांत आणि झाडोऱ्यानं भरलेल्या उथळ पाण्यात प्रत्येक नर आपला तुकडा राखून असतो आणि दुसऱ्या नराला तिथे फिरकू देत नाही. सोबती आपल्याला हवे असतात, त्याला नाही. एवढं कबूल केलं की प्रश्न सुटसुटीत होतो: त्याच्या हद्दीत न घुसणारे, त्याची शेपटी न कुरतडणारे आणि मुंबईच्या पाण्यात, उकाड्यात तगणारे मासे कोणते? आणि तो राग धरून बसणार नाही इतका आडोसा कोणत्या झाडांचा?

आधी टँक

एक फूट लांबी-रुंदी-उंचीच्या टँकमध्ये कागदावर २८ लिटर पाणी मावतं. वाळू घातल्यावर आणि वरती मोकळी जागा सोडल्यावर २० ते २२ लिटरच उरतं. त्यात फायटर, भरपूर झाडं आणि एखादी गोगलगाय, बस. दुसरा मासा नको, दुकानदार कितीही सांगो. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये प्रत्यक्षात ३२ ते ३४ लिटर पाणी राहतं. तिथे सोबत्यांचा एक छोटा थवा बसतो. दोन फुटी टँकमध्ये ४५ लिटरच्या आसपास, आणि खरी सोय तिथूनच सुरू होते.

उंच टँक घेऊ नका. फायटर कल्ल्यांबरोबरच लॅबिरिंथ नावाच्या अवयवानं थेट हवेतला ऑक्सिजन घेतो, त्यासाठी त्याला सारखं वर यावं लागतं. जड शेपटीच्या हाफमून जातीच्या फायटरला दीड फूट खोली म्हणजे जिना चढ-उतार करण्यासारखं. लांबी वाढवा, उंची नको. वजनाचाही हिशोब करा: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच, वाळू, लाकूड धरून दोन फुटी टँक ६० किलोच्या वर जातो. भिंतीला ठोकलेली फळी किंवा टीव्हीचं प्लायवूडचं युनिट त्यासाठी नसतं. लोखंडी स्टँड घ्या आणि काचेखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल ठेवा.

झाकण हवंच, फायटर उडी मारतो. पाण्याची पातळी मात्र झाकणापासून किमान ३ सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर तो श्वास घेणार कुठे?

फिल्टर स्पंजचा घ्या, एअर पंपावर चालणारा. हँग-ऑन किंवा पॉवर फिल्टरचा झोत लांब पंखांच्या माशाला ढकलत राहतो. तो कोपऱ्यात पडून राहतो आणि आपण समजतो आजारी आहे. हवेच्या नळीला छोटा व्हॉल्व्ह लावून बुडबुडे कमी करा. पंप टँकच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पण लावा. दिवे गेले की नळीतून पाणी उलट उतरतं, पंपात शिरतं आणि मग जमिनीवर येतं.

मुंबईचं पाणी

भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं. फायटर, रासबोरा, टेट्रा, कोरी (तळाशी राहणारा कोरीडोरास मासा) या सगळ्यांना ते मानवतं. मॉली आणि प्लॅटी यांना खारट-जड पाणी लागतं, म्हणून ते नळाच्या पाण्यात दोन-तीन महिन्यांत मलूल होतात. सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर सगळंच उलटं होतं. वॉटर प्युरिफायरवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) एकदा बुडवून पाहा. १५० च्या आत असेल तर खाली दिलेली यादी जशीच्या तशी वापरा. ४०० च्या पुढे गेला तर नळाचं आणि आरओचं पाणी अर्धं अर्धं मिसळा. नुसतं आरओचं पाणी टँकमध्ये घालू नका, त्यात काहीच क्षार नसतात आणि पीएच एका रात्रीत घसरू शकतो.

क्लोरिनसाठी बादली २४ तास उघडी ठेवायची जुनी रीत चालते, पण बादलीवर पातळ कापड बांधा. डासांच्या अळ्या शोधायला पालिकेचे कर्मचारी येतात तेव्हा अशाच बादल्या आणि मनी प्लँटच्या बाटल्या तपासतात, आणि ते बरोबरच आहे. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचं अँटी-क्लोरिन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. आणखी एक जपा: सोसायटीच्या पाण्याची टाकी साफ होणार अशी नोटीस लागली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही टँकचं पाणी बदलू नका. टाकी धुताना वापरलेली ब्लीचिंग पावडर पहिल्या पाण्यात उतरते, आणि नेहमीचे दोन थेंब अँटी-क्लोरिन तिला पुरत नाही. आदल्या दिवशीच बादली भरून ठेवा.

तापमान २४ ते २८ अंश असावं. मे महिन्यात पाणी सहज ३० पार करतं. फायटर ते सोसतो, सोबती सोसतीलच असं नाही. अशा वेळी झाकण थोडं तिरकं करून त्यावर जाळी टाका, पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरू द्या आणि हवा वाढवा. बर्फाचे खडे टाकू नका. हीटर मुंबईत कशाला, असं सगळे म्हणतात आणि बहुतेक घरांत ते खरंही आहे. पण टँक बेडरूममध्ये असेल आणि रात्रभर २२ वर एसी चालत असेल, तर दिवसा ३० आणि पहाटे २३ असा झोका रोज बसतो. माशांवर पांढरे ठिपके येण्याचं हे नेहमीचं कारण. टँक हॉलमध्ये हलवा, किंवा ५० वॉटचा हीटर २६ वर लावून ठेवा.

टँक भरल्या भरल्या मासे सोडायचे नाहीत हे ऐकून असालच. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहा. टेस्ट किटवर अमोनिया ० आणि नायट्राइट ० सलग आठवडाभर दिसलं की टँक तयार. हा महिना वाया जात नाही, झाडं लावायचा काळ हाच.

झाडं

झाडांचं काम शोभेआधी नजर तोडण्याचं. फायटरला टँकच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत सगळं दिसत असेल तर तो सगळ्यालाच आपली हद्द समजतो. मध्ये लाकूड आणि पानांचे दोन-तीन पडदे आले की हद्द आपोआप आखडते आणि पाठलाग दोन सेकंदांत संपतो.

सर्वात आधी अनुबियास नाना आणि जावा फर्न. दोन्ही कमी उजेडात, कमी खतावर जगतात. त्यांचं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं वाढतं, खालून मुळ्या आणि वरून पानं. हा गड्डा वाळूत पुरायचा नाही. पुरला की दोन आठवड्यांत तो मऊ पडतो, दाबला तर चिखलासारखा लागतो आणि पानं बुडख्यापासून सुटून वर तरंगतात. लाकडावर किंवा दगडावर सुती दोऱ्यानं बांधा, किंवा फेविक्विकसारख्या गोंदाचे दोन थेंब लावून अर्धा मिनिट दाबून धरा. दोन महिन्यांत मुळ्या लाकूड पकडतात, तोवर दोरा कुजून जातो. अनुबियासचं एक झाड पाण्याच्या पृष्ठभागापासून ५ ते ७ सेंटिमीटर खाली येईल असं उंचावर बांधा. त्या रुंद पानावर फायटर रात्री अक्षरशः आडवा होऊन झोपतो. सकाळी दिवा लावल्यावर पान किंचित वाकलेलं आणि त्यावर एका कुशीवर पडलेला मासा दिसला तर घाबरू नका, मेलेला नाही.

वाळूत लावायला क्रिप्टोकोरिनी वेंडटी. तीन-चार रोपं, एकमेकांपासून चार बोटं अंतरावर. लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत तिची पानं विरघळल्यासारखी पारदर्शक होतात आणि लोक ती उपटून टाकतात. उपटू नका. नवं पाणी मिळालं की ती जुनी पानं टाकते. मुळं शाबूत असतात आणि तीन-चार आठवड्यांत नवी पानं फुटतात. प्रत्येक रोपाच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांनी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खोचायची, त्यापलीकडे तिला काही लागत नाही.

मागच्या बाजूला भरभर वाढणारं काहीतरी हवंच, कारण सुरुवातीचा जादा अमोनिया हीच झाडं खातात. वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया ही तिन्ही आपल्याकडच्या पाण्यात मूळची, म्हणून उकाड्यात कुरकुरत नाहीत. दुकानात जुडी मिळते तिला शिशाची पट्टी आणि स्पंज गुंडाळलेला असतो. तो आधी काढा. आत दाबलेली खोडं कुजलेली असतात, ती कात्रीनं तिरकी कापा आणि एकेक काडी दोन सेंटिमीटर अंतरावर चिमट्यानं खोचा. अख्खी जुडी तशीच पुरली तर आतल्या काड्यांना उजेडच मिळत नाही. हॉर्नवर्ट घेतलात तर पहिल्या आठवड्यात सुयांसारखी पानं झडून फिल्टर भरेल, स्पंज दोन दिवसांआड पिळावा लागेल.

आता वरचा थर. फायटरसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं राज्य तिथेच. साल्व्हिनिया किंवा रेड रूट फ्लोटर पृष्ठभागाच्या एक तृतीयांश भागात ठेवा. त्यांच्या लोंबत्या मुळ्यांत त्याला सुरक्षित वाटतं, नर तिथेच बुडबुड्यांचं घरटं बांधतो, आणि खालच्या माशांकडे त्याचं लक्ष कमी जातं. उरलेली जागा श्वासासाठी मोकळी राहावी म्हणून एअर लाइनच्या नळीचं कडं करून तरंगत सोडा, झाडं त्याच्या बाहेर राहतात. डकवीड मात्र घरात आणू नका. एकदा शिरलं की हातावर, जाळीवर, मगवर सगळीकडे चिकटतं आणि जात नाही. छाटलेली तरंगती झाडं नाल्यात किंवा तलावात टाकायची नाहीत, गॅलरीत वाळवून ओल्या कचऱ्यात द्या.

मनी प्लँट विसरू नका. खिडकीतल्या वेलीची दोन पेरं कापून, मुळं धुऊन, टँकच्या मागच्या कडेला अशी अडकवा की मुळं पाण्यात आणि सगळी पानं बाहेर. नायट्रेट ओढून घेण्यात अनेक महागड्या पाणवनस्पती त्याच्यापुढे फिक्या पडतात. पान पाण्यात बुडालं तर सडतं, तेवढं बघा.

दुकानात पाणवनस्पती म्हणून विकली जाणारी काही रोपं मुळात कुंडीतली असतात: ड्रॅसिना, सिंगोनियम, जांभळ्या सुरकुतलेल्या पानांची हेमिग्राफिस, मोंडो ग्रास. पाण्याखाली ती महिना-दीड महिना हिरवी दिसतात आणि मग आतून कुजून पाणी नासवतात. ओळखायची साधी खूण म्हणजे रोप पाण्याबाहेर उचलून धरायचं. खऱ्या पाणवनस्पतीची पानं बहुधा ओल्या कापडासारखी लोंबतात, कुंडीतल्याची ताठ उभी राहतात. अनुबियास, आणि पाण्याबाहेर वाढवलेली क्रिप्टोकोरिनी, या खुणेला अपवाद.

प्लास्टिकची झाडं नकोत. नेटाचा धरलाच तर जुनी पातळ ओढणी त्यावरून फिरवून पाहा. धागा अडकला तर पंखही फाटेल.

नवी झाडं थेट टँकमध्ये टाकली की गोगलगायींची अंडी आणि कधी जळवाही येतात. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवा, झाडं त्यात दोन-तीन तास बुडवा, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. तुरटी नीट धुतली गेली नाही तर पीएच उतरतो.

दिवा सहा-सात तास, टायमरवर. खिडकीचं थेट ऊन टँकवर पडू देऊ नका. ऊन आणि जादा खाद्य एकत्र आलं की काचेवर हिरवं शेवाळ धरतं आणि लोक ते खायला सकर आणतात. सकरची गोष्ट पुढे येतेच आहे.

बदामाच्या पानाबद्दलही सांगायला हवं. दुकानात पाकिटात विकतात ते पान म्हणजे आपल्या सोसायटीच्या आवारातला, छत्रीसारख्या फांद्यांचा देशी बदाम, टर्मिनालिया कटाप्पा. गळून पडलेलं, पूर्ण तपकिरी, वाळलेलं पान घ्या. रस्त्याकडेचं काजळी धरलेलं किंवा औषध फवारलेलं नको. धुऊन, २० लिटरला एक मध्यम पान टाका, तीन-चार आठवड्यांनी बदला. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, फायटरला ते आवडतं, आणि नव्या माशांचा बुजरेपणाही कमी होतो. जंगली बदाम हे वेगळंच झाड आहे, त्याची पानं आणू नका. आणि मुंबईच्या मऊ पाण्यात पीएच सावरून धरणारे क्षार मुळात थोडे असतात, त्यामुळे चार-पाच पानं एकदम टाकली तर तो नको तितका खाली येतो आणि फिल्टरचे जिवाणू मंदावतात.

सोबती: मजले वाटून द्या

फायटर वरच्या मजल्याचा मालक. म्हणून भाडेकरू तळाचे किंवा मधल्या मजल्याचे शोधायचे.

तळासाठी कुहली लोच ही मुंबईतली सगळ्यात बिनघोर निवड. गांडुळासारखी, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि ३० अंशांनाही डगमगत नाही. पाच-सहांच्या गटात घ्या. एकटी असेल तर महिनोन् महिने दिसणारच नाही. तळाला बारीक, गोल दाण्यांची वाळू ३-४ सेंटिमीटर हवी, कारण ती त्यात शिरून बसते. चौपाटीची वाळू आणू नका, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बांधकामाची रेतीही खात्रीची नाही.

कोरीसुद्धा चांगली, पण तिचं खरं सुख २२ ते २६ अंशांत. घर थंड राहत असेल तर सहांचा गट ठेवा. पिग्मी कोरी मिळाली तर दीड फुटीतही चालते. उन्हाळ्यात घर तापत असेल आणि कोरीच हवी असेल तर स्टर्बाय शोधा, ती बाकीच्यांपेक्षा उकाडा जास्त सोसते. तिला टँक मात्र दोन फुटी किंवा त्याहून मोठा लागतो. टोकदार खडीवर कोरीच्या मिश्या झिजतात आणि मग तिला अन्न शोधता येत नाही. पकडताना जाळी नको. तिचे काटे जाळीत अडकतात, मग कप वापरा.

मधल्या मजल्यासाठी एम्बर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा. एम्बर जेमतेम दोन सेंटिमीटरचा, नारिंगी, शांत, आणि त्याचे पंख लहान असल्यामुळे फायटरला तो प्रतिस्पर्धी वाटत नाही. आठ घ्या. हार्लेक्विन थोडा मोठा आणि चपळ, त्याला दोन फुटी टँकच बरा. निऑन टेट्रा सगळीकडे मिळतो आणि सगळे तोच आणतात, पण त्याला थंडावा लागतो. मे महिन्यात एकेक करून जातो. तसाच रंग हवा असेल तर कार्डिनल टेट्रा घ्या, तो गरम पाण्यातलाच आहे. कुठलाही थवा सहाच्या खाली नको. दोन-तीनच असले की ते सैरावैरा पळतात, आणि पळणारा मासा दिसला की फायटर मागे लागतो.

गोगलगायींत नेराईट उत्तम. शेवाळ खाते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत. लाकडावर तिळासारखी पांढरी अंडी घालते, ती खरवडली तरच निघतात. आपल्या मऊ पाण्यात तिच्या शंखाला खड्डे पडतात, म्हणून पक्ष्यांच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा टँकमध्ये ठेवा. हाच तुकडा पीएच घसरण्यालाही लगाम घालतो. मोठी पिवळी मिस्ट्री स्नेल आणलीत तर तिच्या लांब मिश्या फायटरला अळ्या वाटतात आणि तो तोडत राहतो. काही मासे आठवड्यात विसरतात, काही कधीच विसरत नाहीत.

चेरी कोळंबी आवडत असेल तर दाट जावा मॉसमध्ये पंधरा-वीस सोडा, फायटर यायच्या महिनाभर आधी. मोठ्या टिकतील, पिल्लं तो खाणार. हे पटत नसेल तर कोळंबी आणू नका. "घोस्ट श्रिंप" म्हणून मिळणारी पारदर्शक कोळंबी टाळलेली बरी. कधी कधी ती नांग्यावाल्या मोठ्या जातीची पिल्लं असतात आणि पुढे झोपलेल्या फायटरचीच शेपटी ओढतात.

हिशोब असा: दीड फुटीत फायटर, आठ एम्बर, एक नेराईट. किंवा फायटर, सहा पिग्मी कोरी, एक नेराईट. दोन्ही एकदम नाही. दोन फुटीत फायटर, आठ हार्लेक्विन, पाच-सहा कुहली आणि दोन नेराईट. यापुढे घर भरलं समजा.

यांना आणू नका

दुसरा नर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मादीही नाही. जोडी फक्त पैदाशीपुरती, देखरेखीखाली एकत्र येते आणि अंडी घातली की मादी लगेच काढावी लागते, नाहीतर नर तिला फाडतो. गौरामी त्याच्याच कुळातले, वरच्याच मजल्यावर राहणारे, तेही नको. झुपकेदार शेपटीचे गप्पी त्याला छोटे फायटर वाटतात.

उलट्या बाजूनं, टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि विडो टेट्रा (गुलाबी-निळे रंगवलेले विडोही त्यातच) हे कुरतडे. हाफमूनची शेपटी दोन दिवसांत झालरीची चिंधी करतात. गोल्डफिशला थंड पाणी आणि मोठा टँक लागतो, शिवाय घाण तिप्पट. एंजल आणि इतर सिक्लिड नको.

आणि सकर. बोटभर असताना काचेला चिकटलेला गोंडस दिसतो, पण वाढून फूट-सव्वा फुटाचा होतो आणि दीड फुटी टँकमध्ये वळूही शकत नाही. मग लोक तो तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्याकडच्या नद्या-तलावांत असाच पसरलाय आणि देशी माशांच्या मुळावर उठलाय. शेवाळासाठी नेराईट आहे. ऑटो (ऑटोसिंक्लस) हा छोटा मासाही चालतो, पण टँक किमान सहा महिने जुना असेल तरच, नव्या टँकमध्ये तो उपाशी मरतो.

फायटर कोणता घेताय यावरही बरंच ठरतं. हाफमून संथ असतो, स्वतःच जखमी होण्याची भीती जास्त, त्याला अगदी शांत सोबती द्या. आखूड पंखांचा प्लाकाट चपळ आणि तापट, मार देणारा. त्याच्यासोबत दोन सेंटिमीटरची चिली रासबोरा ठेवणं म्हणजे फराळ ठेवणं. घेताना डबीसमोर आरसा धरा. थोडा फुलारून दोन मिनिटांत शांत झाला तर ठीक. आरसा काढल्यावरही काचेवर धडका देत राहिला तर तो एकटाच शोभतो.

सोडायचा क्रम

नवे मासे दोन-तीन आठवडे १५ लिटरच्या प्लास्टिक टबात, स्पंज फिल्टरसह, वेगळे ठेवा. रव्याच्या कणांसारखे ठिपके दिसले तर तिथेच उपचार करता येतात. मुख्य टँकमध्ये औषध घालायची वेळ आली तर अडचण होते: तांबं असलेलं औषध गोगलगाय आणि कोळंबी मारतं, आणि कुहली-कोरींना मीठ सोसत नाही, औषधही निम्म्या मात्रेनंच.

मग आधी थवा, दोन आठवड्यांनी तळाचे, शेवटी फायटर. उलटं केलं तर आलेला प्रत्येक जण त्याच्या लेखी घुसखोर. फायटर आधीपासून टँकमध्ये असेल तर त्याला दोन-तीन तास डब्यात काढा, लाकूड आणि झाडांची जागा बदला, नवे मासे सोडा, दिवा बंद करा आणि मग त्याला परत सोडा. ओळखीच्या खुणा हलल्या की त्यालाही घर नव्यानं पाहावं लागतं. पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवायची, दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी आत घालायचं, अर्ध्या तासानं मासा कपानं उचलून सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत.

पहिला तास समोर बसा. कल्ले फुलवणं, एक-दोनदा अंगावर धावून जाणं, हातभर पाठलाग, हे चालायचंच. एकाच माशाला कोपऱ्यात दाबून धरणं, पाठलाग अर्धा तास न थांबणं किंवा कुणीतरी खाणं सोडून झाडात दडून बसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी वेगळं करा. पहिले ४८ तास निभावले म्हणजे झालं असंही नाही. दोन-तीन आठवड्यांनी, हद्द पक्की झाल्यावर, पुन्हा नीट बघा.

शेपटी फाटलेली दिसली तर आधी कड पाहा. अर्धगोल, स्वच्छ चावे असतील तर कुणीतरी कुरतडतंय. कड काळपट किंवा लालसर होऊन आत सरकत असेल तर फिन रॉट (पंख कुजण्याचा रोग), म्हणजे पाणी खराब. नायट्रेट मोजा, आठवडाभर एक दिवसाआड २० टक्के पाणी बदला. एका रात्रीत मोठा तुकडाच गायब आणि सोबती सगळे गरीब, तर हाफमूननं स्वतःच चावलाय. जड शेपटीला किंवा जोरदार प्रवाहाला कंटाळून ते असं करतात. हवा कमी करून बघा.

खाणं

फायटरला सकाळ-संध्याकाळ १ मिलिमीटरचे तीन-चार दाणे. त्याला टँकच्या एका कडेला खायला घाला आणि तो गुंतलेला असतानाच थव्याला दुसऱ्या कडेला बारीक चुरा टाका. तळाच्या माशांची बुडणारी गोळी दिवा मालवल्यावर अर्ध्या तासानं. उजेडात टाकली तर फायटर ती गोळीही ओढून खातो, दोन दिवसांत त्याचं पोट फुगतं आणि तो कलंडून पोहू लागतो. तसं झालं तर दोन-तीन दिवस उपास. जिवंत ट्यूबिफेक्स किडे गटाराच्या गाळातून येतात, त्यापेक्षा गोठवलेले ब्लडवर्म आठवड्यातून एकदा-दोनदा द्या.

दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदला. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरला की क्लोरिननं जिवाणू मरतात.

गणपतीला पाच-सहा दिवस गावी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिव्याचा टायमर तपासा, पातळी भरून घ्या. निरोगी, मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना सांगायचंच असेल तर खाद्याची बाटली हातात देऊ नका. प्रसादाच्या पुड्या बांधतात तशा कागदाच्या दोन छोट्या पुड्या करा, प्रत्येकीत एका वेळचं मोजलेलं खाद्य, वर वार लिहिलेला. बाटली कपाटात.